दादाचा लसूण

४ मार्च
दादानं खानावळीसाठी घेतलेल्या ओल्या लसणाची चार पोती आमच्याकडे उतरवली. तिकडे कोठीत जागा नाही म्हणे. म्हणाला, दोन महिने टिकवून दाखव, मग कोठीचं बघू. बघू म्हणजे किल्ली माझ्याकडे. वहिनीचा भाऊही कोठीवर टपून आहे, पण लसूण त्याला नाही, मला दिला. यातच काय ते आलं.

५ मार्च
सगळा मातीनं बरबटलेला. बाहेरची घाण उंबऱ्याच्या आत नको, हे मला आईनंच शिकवलं. बाथरूममध्ये बसून एकेक गड्डा ब्रशनं घासला. मुळं छाटली, पात कापली. आई म्हणाली, लसणाला कुणी आंघोळ घालतं का? तिला हल्ली आपलीच शिकवण आठवत नाही.

६ मार्च, सकाळ
दादाला फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. एवढ्या कामातही.

८ मार्च
गाद्यांवर वाळत घातलाय. आई स्वयंपाकघरात झोपते. तिची तक्रार नाही. म्हणजे माझ्याकडे नाही, मावशीला फोनवर सांगत होती.

१० मार्च
अजून दमट आहे, पण माश्या फार. घट्ट झाकणाच्या डब्यांत भरला. वहिनीचा भाऊ डोकावून गेला. म्हणाला, ताई, नाकानं कांदे सोलू नका, लसूण नुसता टांगायचा असतो. मी त्याला चहा दिला. साखर घालायची राहिली.

१५ मार्च
डब्यांना आतून घाम. वरच्या गड्ड्यांवर निळसर बुरशी. खालचे बघितले नाहीत. उगाच संशय घेणं बरं नव्हे.

१६ मार्च
खालचे बघितले.

१७ मार्च
त्यातल्या त्यात बरे निवडून फ्रिजमध्ये ठेवले. दुधालाही वास. शेजारणीनं दार वाजवून विचारलं, तुमच्याकडे काही मेलंय का. मी म्हटलं, साठवण चालू आहे.

२५ मार्च
फ्रिजमधल्या गड्ड्यांना हिरवे कोंब. आई म्हणाली, अर्धा सडवलास, अर्धा रुजवलास, आता शेतीच कर. दादाला आजच सांगायला हवं. लपवणं माझ्या स्वभावात नाही. पण त्याच्या डोक्याला आधीच किती ताप. उद्या.

२९ मार्च
फोन करून सगळं खरं सांगितलं. थोडी गळती झाली, म्हटलं. दादा 'बरं' म्हणाला. ओरडला नाही. ज्याचा विश्वास असतो तो ओरडत नाही.

२ एप्रिल
तरी समोर जाऊन माफी मागावी म्हणून खानावळीत गेले. कोठीत छतापर्यंत लसूण टांगलेला. मातीसकट, पातीसकट. किती अस्वच्छ! आणि खडखडीत कोरडा. किल्ली वहिनीच्या भावाच्या कमरेला. मी विचारलं, जागा नव्हती ना? वहिनी हसली. म्हणाली, अगं, जागेचं काय, ती चार पोती जास्तीचीच होती. तू रोज येऊन सगळ्यांच्या चुका काढायचीस, म्हणून हे म्हणाले, गुंतवा हिला कशाततरी.
दादा तिथंच कांदे निवडत होता. मान वर केली नाही. कामात असला की तो कुणाकडेच बघत नाही.
घरी येऊन आईला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, जेवून घे.

४ एप्रिल
वहिनीचा फोन, पण मागून सांगणारा आवाज दादाचा. लसूण सोलायला माणूस हवंय, येतेस का. शेवटी माझ्यावाचून त्यांचं अडलंच. पण लगेच हो म्हणून किंमत कमी करून घ्यायची नाही. विचार करून कळवते, असं ठणकावून सांगितलं.
उद्या सातला बोलावलंय. खाण्याच्या वस्तूला हात लावायचा, म्हणून नखं कापून ठेवली. अगदी मुळापर्यंत.