माझा सोमवारचा प्रश्न

माहीनजी,

दाराची चौकट, दोन बाकं, विहिरीचा रहाट आणि कुठलाही क्लास न लावता उभा केलेला माझा ब्लॉग. ‘स्वतःच्या हातांनी काय काय केलंत?’ या तुमच्या पहिल्या प्रश्नाला मी नागावहून हेच उत्तर पाठवलं होतं. मग दर सोमवारी एकमेकांना एक प्रश्न विचारायचा, तोही ईमेलवर, ब्लॉगवर नाही, असं आपलं ठरलं. असे एकशे बारा सोमवार झाले. मी मोजलेत.

‘रडू आलं की कुठं बसता?’ हा प्रश्न माझा. तुम्ही श्रीवर्धनहून लिहिलंत, ‘मागच्या पायरीवर, कोळंबी सोलायला घेऊन. मग घरातलं कुणी विचारत नाही.’

काल तोच प्रश्न तुमच्या ब्लॉगवर दिसला, दुबईच्या त्या ब्लॉगवाल्या तबरेजला विचारलेला. एक शब्दही बदलला नाहीत. तो म्हणतो, ‘गाडीत, एसी लावून.’ त्यावर तुमचं ‘वाह तबरेज, क्या बात है!’ मला मात्र दोन वर्षं ‘छान, भालचंद्रभाई.’ तो नुसता तबरेज आणि मी भाई!

हे पत्र पाठवणार नाही, म्हणून खरं सांगतो. आपल्या सोमवारांबद्दल मीच एका प्रकाशकाकडे फुशारकी मारली होती. त्यांना पुस्तक करायचं होतं. तुमच्या त्या पायरीवर दुसरं कुणी येऊन बसू नये म्हणून मी तुम्हाला न विचारताच नाही म्हणून कळवलं. ते साठ हजार देत होते, आणि त्यातले तीस तुमचे होते.

भालचंद्र