आईच्या घरचं नवं मीटर

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण घनसावंगीच्या घरचं वीज मीटर अजून तुमच्याच नावावर आहे. गेल्या महिन्यात स्मार्ट मीटर बसवायला माणूस आला, त्याने दारातून तुमचंच नाव घेऊन हाक मारली. आई म्हणाली, ते न्हाईत. तो म्हणाला, कधी येतील? मी आत चहा टाकत होते. हसावं की रडावं कळेना.

तुम्ही जन्मभर लोकांची मीटरं बघत फिरलात. सायकलला पिशवी, पिशवीत रीडिंगची वही. एकटं म्हातारं माणूस असलं की आकडा टिपून झाल्यावरही घडीभर ओट्यावर टेकायचात. एकदा मी तुमच्या वहीत डोकावून वर्गात सांगितलं, की अमकीच्या घरी दोन महिने मीटर हललंच नाही. ते तुमच्या कानावर गेलं. आई भाकरी थापतेय, तुम्ही जेवताय. आवाज न चढवता म्हणालात, "दुसऱ्याच्या घरातलं दिसलं, तर ते तिथंच ठेवून यायचं." त्यापेक्षा दोन फटके दिले असते तर बरं झालं असतं.

आई आता थकली आहे. उन्हाळ्यात न्हाणीत पडली. शेजारच्या काकूंना कळेपर्यंत निम्मी दुपार गेली होती. जालन्याला माझ्याकडे चल म्हटलं तर तिचं एकच, माझं घर हाय ना. फोन उचलत नाही. मग मी शाळा, मुलांचे डबे, सासूबाईंचा दवाखाना करून दर रविवारी बस पकडते. कंटाळले हो अण्णा. माया आहे आणि कंटाळाही आलाय, दोन्ही खरं.

मीटरवाला म्हणाला, मोबाईलवर तासातासाचा वापर दिसतो. माझ्या लगेच डोक्यात आलं, आई उठली की आधी बोअरची मोटर लावते. मोटर लागली म्हणजे आई धड आहे. गल्लीतले म्हणत होते, बसवू नका, नवं मीटर जल्दी पळतं. त्याची फिकीर मला नव्हती, आईलाही नव्हती. पण मोबाईलचं सांगितलं तेव्हा तिने गहू निवडायचं ताट खाली ठेवलं.

"तिथं बसून मी उठले का न्हाई ते बघणार. मंग इथं कशाला येशील तू?"

मी म्हटलं, काहीतरीच काय आई. मीटरवाला भला होता; सक्ती नाही, घरात ठरवून सांगा म्हणाला आणि पुढच्या घरी गेला. तुम्ही असता तर काय म्हणाला असता, ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी आईला सांगितलं, सक्तीचं आहे, सगळ्यांनाच बसवावं लागतं. सरकारी काम म्हटल्यावर तिने ताट पुन्हा मांडीवर ओढलं. तुमच्या नोकरीचा मान राखणारी बाई ती. तो परत आला तेव्हा मीटर बसवून होईपर्यंत दारात उभी राहिली, त्या माणसाला पाणी दिलं.

आज रविवार. हा सलग तिसरा, मी गेले नाही. का गेले नाही, ते तिला सांगायचं धाडस होत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे, आणि हा कागद कुठे पाठवायचा नाही तेही बरंच आहे. तुम्हाला वाटेल, पोरीला पस्तावा झाला. तसं नाही अण्णा. सकाळी अंथरुणातच मोबाईल पाहिला, मोटर लागली होती. कूस बदलली आणि पुन्हा झोपले. फार दिवसांनी छान झोप लागली.