गिऱ्हाईक हाच गुन्हेगार

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजपासून राग बंद. आजपासूनच चैतालीला मनातलं सांगायची तयारी सुरू. ती धाराशिवला लॉ करते. मी बी.कॉम.ला थोडी विश्रांती दिलीय, त्याला अडीच वर्षं झाली. गावात लोक 'सोडलं' म्हणतात. लोकांना फरक कळत नाही.

३ फेब्रुवारी, सकाळी ९
बेंबळीच्या स्टँडवर कंडक्टरशी भांडण. चूक त्याची. राग उद्यापासून बंद.
पण चैतालीच्या मागची सीट मिळाली. १२ तारखेला तिची वादविवाद स्पर्धा. विषय, बाईचं शरीर विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवावं का. शेजारच्या निकिताला ती सांगत होती की स्वीडनमध्ये घेणाऱ्याला धरतात, बाईला नाही. आपल्याकडं छापा पडला की पेपरात तोंडाला ओढणी बांधलेल्या बायाच. गिऱ्हाईक मागच्या दारानं घरी जाऊन जेवतं. बाईला भाव लावता येतो असं वाटणारे आहेत तोवर समानता भाषणापुरती. निकितानं विचारलं, गिऱ्हाईक लपूनछपून यायला लागलं तर त्या बायांचं काय, त्यांना विचारलं का कुणी. चैताली म्हणाली, तेच तर अवघड आहे. मी मागून म्हणालो, शंभर टक्के. दोघींनी वळून बघितलं. म्हणजे दोघींना पटलं.

५ फेब्रुवारी
चैतालीला झुमके दिले. आमच्याच जनरल स्टोअर्सच्या काचेच्या कपाटातले, आण्णा, म्हणजे वडील, जेवायला गेल्यावर काढलेले. ती नको म्हणत होती. पिशवीत टाकून पळालो. स्वीकारले.

७ फेब्रुवारी
अत्तराची बाटली. हेअरबँड. तीन वस्तू झाल्या, होकार नाही. माझा मित्र बब्रुवानचं दोन वस्तूंत जमलं होतं.

८ फेब्रुवारी
झुमक्यानं भागणार नाही. तिच्या विषयाला जाहीर पाठिंबा द्यायचा. बब्रुवानच्या छपाईच्या दुकानात फ्लेक्स छापायला टाकला. तो म्हणाला, असलं चौकात न्हाय लागत गड्या, माझी आईबी तिथूनच जाती. म्हणून 'बाई' काढलं, 'शरीर' काढलं, 'विकत' काढलं. उरलं, 'गिऱ्हाईक हाच गुन्हेगार'. लई दमदार. गॉगलवाला फोटो दिला.

१० फेब्रुवारी, बाजाराचा दिवस
एसटीतून दिसावा म्हणून फ्लेक्स आमच्याच दुकानावर लावला. बब्रुवानकडं वाढदिवसाचा एकच नमुना आहे. त्यामुळं 'गिऱ्हाईक हाच गुन्हेगार', खाली माझा फोटो, त्याखाली 'हार्दिक शुभेच्छा'.
कडूबाई मावशी माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडं बांगड्या भरतात. त्यांनी आण्णांना विचारलं, म्या काय चोरलं व्हय तुमचं. बांगड्या न भरताच गेल्या. एकानं विचारलं, पोरगं सुटलं कधी. त्याला मी दोनदा वाचायला सांगितलं, जरा मोठ्यानं. तो समोरच्या दुकानात गेला. त्याच्यामागं आणखी सहा. वांगीवाली आजी मात्र म्हणाली, खरं लिवलंय, मेले समदी वांगी दाबून बघत्यात न् घेत न्हाईत. चळवळ पसरतेय.
संध्याकाळी चैताली उतरली. वाचलं. पोट धरून हसली. माझ्या कामावर एवढी खूश कधी नव्हती. १२ला विचारायचंच.

१२ फेब्रुवारी
तिचा दुसरा नंबर आला. स्टँडवर गाठून म्हणालो, तुझ्यासाठी एवढं दिलं, एवढं केलं, आता तू बोल. तिनं विचारलं, आता म्हणजे. मी म्हणालो, एवढं दिल्यावर काहीतरी मिळायला पाहिजे का नको. निकितानं कपाळाला हात लावला. भावुक मुलगी आहे. चैताली म्हणाली, उद्या दुकानात येऊन उत्तर देते.
दुकानात म्हणजे आण्णांसमोर. थेट घरच्यांत.

१३ फेब्रुवारी, सकाळी १०
दाढी केली. फ्लेक्स पुसला.

१३ फेब्रुवारी, सकाळी ११.३०
आली. पिशवी काउंटरवर ठेवली. झुमके, अत्तर, हेअरबँड, सगळं पाकिटबंद. आण्णांनी मान वर न करता पाटीकडं बोट केलं, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. ती म्हणाली, काका, हे मी विकत घेतलेलं नाही. ह्यावर श्रीनाथ मला विकत घेत होता.
आण्णांनी चष्मा काढला. झुमके ओळखले. आयुष्यात पहिल्यांदा माल परत घेतला.
जाताना तिनं वर फ्लेक्सकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाली, फोटो बरोबर जागी लागलाय रे.

१३ फेब्रुवारी, दुपारी
बब्रुवानशी भांडायला गेलो. फोटो तिथंच का लावला विचारायचं होतं. चहा पिऊन आलो.

१४ फेब्रुवारी
फ्लेक्स काढला. राग आला नाही, म्हणजे संकल्प पूर्ण. तिला सॉरी लिहिलं. सोबत काही द्यावं का, असं वाटलं. नाही दिलं.
गावानं माझं पुरतं गिऱ्हाईक केलंय. कडूबाई मावशी परत आल्या, तेवढं बरं झालं. आण्णांनी गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारली, ए गिऱ्हाईक, मावशींना हिरव्या बांगड्या दाखव.
दाखवल्या.