सांताक्लॉजचा नंबर काय लागंना

साखर कारखाना, बंगला नंबर दोन
नाताळ, सन १९६४

तीर्थस्वरूप दाजींच्या पायांवर, बंगल्यावरचा खानसामा कृष्णात याचं डोस्कं.

हिकडं समदी खुशाल, तिकडची खुशाली कळवावी असं लिवायची रीत हाय म्हणून लिवलं, पर तुमची कंबर धरल्याली हाय हे मला ठावं हाय. (ती धरली म्हणून तर यंदा उसाची गाडी घिऊन तुमच्या जागी तुमचं वडील आण्णा आलं, आन् पुढचं समदं रामायण झालं. दोष लावायचाच तर तुमच्या कंबरंला लावा, मला न्हाई.) आमच्या आक्काला म्हणावं, एरंडाचं पान गरम करून बांध. म्हसरं बरी हायत का? मातोश्रींचा राग कसा हाय? आण्णा कुठं अडकलं म्हणून तुमी काळजीत असाल. आवं, तेच सांगायला बसलोय, जरा दम धरा.

माझा रॉबसन साहेब इलायतेस्नं नवी मिल बसवायला आलाय. त्याची मडम हाय, पाच वर्साची जेनी हाय (आमी तिला जनाबाई म्हंतो, तीबी ओ देती) आन् तिच्या पाठचा पीटर. जनाबाई मराठी माझ्याकडनं शिकली, तवा तोंडाची लय फटकळ. नाताळ जवळ आला तशी मडम सुकाया लागली. तिच्या मुलखात आता बर्फ, आन् हितं अंगणात मिरच्या वाळत घातल्याल्या. सणाला हिरवं, टोकदार पानांचं झाड पायजे म्हणाली. म्या बांधावरची बाभळ तोडून आणली. (टोकदार म्हटल्यावर आणि काय आणायचं?) मडमनं तिला चांदीचा कागद लावला, मेणबत्त्या लावल्या, आन् पीटरनं पळत जाऊन तिला मिठी मारली. त्याचं काटं काढण्यात आमची सांज गेली.

इथवर ठीक हुतं. पर त्यांच्यात सांताक्लॉज म्हणून एक म्हातारा हाय. लाल डगला, पांढरी दाढी, पाठीवर पोतं. नाताळाच्या आदल्या रोजी त्यो घराच्या धुराड्यातनं आत उतरतो आन् पोरांस्नी खेळणी देतो. (आपल्यात असा कुणी पोतं घिऊन दिसला तर पोरं धरणारा म्हणून झोडपत्याल. ज्याची त्याची रीत.) आता बंगल्याला धुराडं न्हाई, म्या रांधतो ते स्टोव्हवर. जनाबाईनं चौफेर बघितलं, तर धुराडं एकच, कारखान्याचं! आभाळाला टेकल्यालं, आन् गळिताचा हंगाम म्हंजे खाली रातध्याड जाळ. पोरीनं हंबरडाच फोडला. म्हातारा जळून मरंल, आधी इस्तू इजवा! साहेबानं समजावलं, हंगामात बायलर थंड करता येत न्हाई. झालं, पोरीनं जेवण सोडलं. दोन रोज नुसती दुधावर, तोंड येवढंसं झालं. मडम रडती, आन् माझा जीव तिळतिळ तुटाया लागला. दाजी, लष्करात म्या पलटणच्या पलटण जेवू घातली, पर ह्या चिमुरडीपुढं हात टेकलं.

शेवटी म्या थाप मारली. म्हटलं, हिकडं त्यो धुराड्यातनं येतच न्हाई, कारखान्यात जे काय येतंय ते बैलगाडीनं, गेटातनं. पोरीनं डोळं पुसलं, पर म्हणाली, म्हातारा डोळ्यांनी बघीन तवाच जेवीन. आता म्हातारा आणायचा कुठनं? इचार करत काल दुपारी ऊस तोलायच्या काट्याच्या आवारात गेलो, तर रांगंत तुमची गाडी, आन् उसावर बसून तंबाखू मळत आण्णा! पोर उपाशी हाय म्हटल्यावर आण्णा एका बोलात तयार झालं. आमच्या कारभारणीचं, मनुबाईचं, लाल लुगडं डगल्यावाणी त्यांच्याभवती गुंडाळलं, गादीतला कापूस काढून गुळाच्या पाकानं दाढी चिटकवली, साहेबानं आणल्याल्या खेळण्यांचं पोतं दिलं. आता गाडी वळवायची आन् बंगल्याच्या दारात आणायची, येवढंच.

हितं माशी शिंकली. आण्णांनी रांग सोडाया साफ नकार दिला! तुमाला काट्याची रांग काय सांगायची? पुढं साठ-सत्तर गाड्या, ऊस वाळतोय, वजन घटतंय, एकदा भाईर पडला की पुन्हा शेपटाला. म्या पाया पडलो. आण्णा म्हणालं, सांताक्लॉज झालो म्हणून ऊस वाळवू व्हय रं? चालत तरी या म्हटलं, तर गाडी सोडली की लोक ऊस उपसत्यात. बरं, काटेवाल्याला सांगून पुढं घेतो म्हटलं, तर मागचा गाडीवान धोंडिराम चाबूक घिऊन उभा ऱ्हायला. दाढीवाला असू दे न्हाईतर मिशीवाला, नंबर म्हंजे नंबर! आन् आण्णाबी त्याच्याच बाजूनं. हिकडं जनाबाई सकाळधरनं गेटाकडं डोळं लावून बसल्याली. दिस कलला. तेवढ्यात गाडीच्या मागं टेकून हुज्जत घालणाऱ्या आण्णांची निम्मी दाढी धोंडिरामाच्या बैलानं खाल्ली. (गूळ लय लावला, हे माझं चुकलं.)

मग म्या साहेबापुढं हात जोडलं. म्हटलं, सांताक्लॉज आलाय, पर रांगंत हाय. आन् काय सांगू दाजी, ही इलायती माणसं रांगंला देवासारखी मानत्यात! साहेबाचं तोंड उजळलं. म्हणाला, बरोबर हाय त्याचं, आपुनच जाऊ. पोरीला खांद्यावर घेतलं आन् निघाला.

जनाबाईनं निम्म्या दाढीकडं बघितलं, बाकीची कुठं म्हणून इचारलं. आण्णांनी सरळ सांगितलं, बैलानं खाल्ली. पोर जी हसाया लागली ती थांबंना! आण्णांनी तिला उसावर बसवलं, फडकं सोडलं, भाकरी, ठेचा, कांदा म्होरं ठेवला. नाकाडोळ्यांतनं पाणी गाळत पोरीनं आख्खी भाकरी खाल्ली आन् आणखी मागितली. मडम हसत हसत रडाया लागली. मीबी रडलो, खोटं कशाला बोलू? मग पोतं सोडलं तशी रांगंतली समदी पोरं गोळा झाली. जनाबाईनं एक रबरी बदक ठेवून बाकी वाटून टाकलं. (पीटर पोत्यावर आडवा पडून बोंबलला, ते निराळं.)

तुमच्या गाडीचा नंबर आज सकाळी लागला. वजन झकास भरलं. आण्णांना उतरवून तोललं का आण्णांसकट, हे म्या इचारलं न्हाई.

थोरांस्नी दंडवत, धाकल्यांच्या गालाला चिमटा, आन् तुमच्या कंबरंला आराम.

तुमचा मेव्हणा,
कृष्णात

ता. क. जनाबाईनं इचारलं, तुझं घर कुठं? आण्णा म्हणालं, ये की घरला, माजी म्हातारी पुरणाची पोळी करती. आता पोरीनं धोसरा घेतलाय, जेवीन तर सांताक्लॉजच्या घरीच. तवा एक इनंती हाय. मातोश्रींनी तिच्यादेखत आण्णांना ‘मुडद्या’ म्हणू ने. पोरीला समदं मराठी कळतं.

ता. क. दुसरं. सांताक्लॉजची गाडी हरणं वढत्यात म्हणं. आण्णांनी हरणंबी घरी हायत असं सांगितलंय. शेळ्या दाखवा. शिंगं असल्याशी कारण.

ता. क. शेवटचं. टपालाला येळ लागंल म्हणून हे पत्र साहेबाच्या जीपच्या ड्रायव्हरच्या हातनं धाडतोय. जीपमधी साहेब, मडम, दोन्ही पोरं आन् लाल लुगड्यात आण्णा हायत. (तुमची गाडी धोंडिराम आपल्या गाडीमागं बांधून आणतोय.) म्या त्यांस्नी बजावलंय, आमचं दाजी पत्र पुरं वाचल्याबिगर कुणाला घरात घेत न्हाईत. तवा आता वाचून झालं आसंल तर दार उघडा. पोर सकाळधरनं उपाशी हाय.