ओझं टेकवायचा दगड

बाबा,

ट्रंक रोडवरचा आपला दगड काल पाडला. पाडायला लावणारी मीच. आई तंजावरहून बाळंतपणासाठी मद्रासला येताना तांबरमच्या अलीकडे वाटेतच गेली, पोटातल्या बाळासकट. तुम्ही इथल्या रीतीनं तिच्या नावानं त्या जागी सुमैतांगी उभारलीत: दोन उभे दगड, त्यांवर छातीइतक्या उंचीला एक आडवा. डोक्यावर ओझं घेऊन जाणाऱ्यानं ते तिथं घटकाभर टेकवायचं, म्हणजे ओझ्यासकट गेलेल्या बाईचाही भार उतरतो. लोक तोवर बसनं जायला लागले होते, तरी तुम्ही हट्ट सोडला नाहीत.

दर महिन्याला मैलापूरहून दोन बस बदलून आपण तिथं दिवा लावायला जायचो. एकदा मी वर चढून बसले. तुम्ही कधी नव्हे ते ओरडलात, "उतर मा! बसू नोको तिथं. ओझं ठेवायची जागा ती." मी रडत उतरते आहे, तेवढ्यात एक भाजीवाली येते, पालेभाजीची टोपली दगडावर टेकवते आणि पदरानं मान पुसते. तुम्ही तिच्याकडे बघतच राहता. परतीच्या बसमध्ये म्हणालात, "आज तुझ्या आईला थोडं हलकं वाटलं असेल." माझा रुसवा तिथंच संपला.

आता तोच रस्ता रुंद करायचं काम माझ्याकडे आलं. गेल्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ आजोबांनी बांधलेली पाणपोई वाचवा म्हणून हात जोडत होते. नियम सगळ्यांना सारखा, असं ठणकावून मी त्यांना परत पाठवलं. काल यंत्र आलं तेव्हा ते तिथं येऊन उभे होते. कंत्राटदारानं आपल्या दगडावर हात ठेवून विचारलं, "मॅडम, इदु यारोडदु?" कुणाचा हा? माझ्या आईचा म्हटलं असतं, तर त्यानं तो उचलून कडेला नीट ठेवला असता. पण मग त्या म्हाताऱ्यांना काय तोंड दाखवलं असतं? "तेरियादु," मी म्हणाले. माहीत नाही. आडवा दगड पडताना त्याचे दोन तुकडे झाले. बाबा, माझी मलाच लाज वाटते आहे.

हे पत्र मी कुठं पाठवणार, ऑफिसच्या खणातच राहील. एक सांगायचं राहिलं. यंत्र यायच्या आधी सगळे चहाला गेले होते आणि मी एकटीच तिथं होते. खांद्यावरची बॅग फार जड झाली होती. क्षणभर त्या दगडावर टेकवावी असं वाटलं. कुणी बघेल म्हणून टेकवली नाही.