ओझेलाताईच्या हातचं

मेम्फिस, टेनेसी
१२ ऑक्टोबर १९६९, रविवार

प्रिय ओझेलाताईस,

तू आणि मावशी दोघी खुशाल असाल. मी ठीक आहे. दर नाताळला पार्सलात दोन ओळींची चिठ्ठी टाकणारा हा माणूस आज चक्क पत्र लिहायला बसला, म्हणून तू चष्मा पुसून पुन्हा बघशील.

इथली हवा निवली आता. मी खोली बदलली. नवी घरमालकीण मिसेस टीग शुक्रवारी मासे तळते आणि एक बशी माझ्याकडे वर पाठवते. मक्याचा पाव मात्र तिला तुझ्यासारखा साधत नाही.

स्टुडिओतलं काम तेच. सकाळी दहाला जायचं, गाणारा येतो, आम्ही चौघं त्याच्यामागे वाजवतो. रेकॉर्डवर नाव त्याचं. आमचं नाव आमच्या आईबापांना ठाऊक असलं म्हणजे झालं. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुझ्या गिटारवर सात वर्षं पोट भरतोय. मालक कॉय स्टिडहॅम यांनी मागच्या वर्षी नवी कोरी गिटार आणून दिली, ती अजून पेटीतच आहे. तुझ्या गिटारच्या दांड्यावर तुझ्या अंगठ्याने झिजलेली जागा आहे ना, तिथे माझा अंगठा आपोआप जाऊन बसतो.

वसंतात आमचं एक गाणं फार चाललं. वेल्मा रूक्स गायली आहे. तू चर्चबाहेरची, जगाची गाणी रेडिओवर ऐकत नाहीस, तेव्हा ठाऊक नसेल. वेल्मा तोंड उघडायच्या आधी गिटारचा एक तुकडा आहे. दोन तारांवरून खाली घसरत येतो आणि ठोका पडून गेल्यावर किंचित उशिराने टेकतो. लोक म्हणतात, गाणं त्या तुकड्यावरूनच ओळखू येतं.

ऑगस्टमध्ये एक वर्तमानपत्रवाला आला होता. म्हणाला, "हा तुकडा सुचला कसा?"

मी म्हटलं, "असाच. बसल्या बसल्या."

आमचा बेस वाजवणारा टॉलिव्हर कोपऱ्यात सँडविच खात होता, त्याला ठसकाच लागला. पाहुणा गेल्यावर मला म्हणतो, "बसल्या बसल्या काय? लेका, माझी आई मला दर रविवारी तुमच्या चर्चमध्ये ओढत न्यायची. सिस्टर ओझेला प्रार्थनेआधी हेच वाजवायची. मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. वाटलं, तू आपणहून सांगशील."

तार लावत बसलो. ती लागलेलीच होती.

ताई, टॉलिव्हरचं खरं आहे. तो तुकडा तुझा. नुसता तुकडा नाही, सगळंच. "गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा सोड, तो श्वास घेतो तिथेच तू बोल," हे तू मला स्वयंपाकघरात शिकवलंस, तेव्हा माझे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते.

पण एवढंच सांगायला बसलो नाही. चार पानं फाडून झाली, हे पाचवं.

जून बासष्टचा तो शनिवार. मी तुला म्हटलं, ताप आहे, उभं राहवत नाही. लाँड्रीत खाडा झाला तर नोकरी जाईल, म्हणून माझ्या जागी तू गेलीस. मला ताप नव्हता. स्टुडिओत गिटारवाला हवा होता आणि मला निरोप आला होता. तू कोपऱ्यावर वळलीस आणि मी भिंतीवरची तुझी गिटार काढली. तू चादरींना इस्त्री करणाऱ्या यंत्राच्या रुळांपाशी उभी होतीस, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा रेकॉर्डसाठी वाजवत होतो. नाचत घरी आलो, तर दारात शेजारीण उभी. तुझ्या डाव्या हाताची तीन बोटं रुळांत गेली होती.

हॉस्पिटलातून आल्यावर तू गिटार माझ्याकडे सरकवलीस. म्हणालीस, "घे. भिंतीवर लटकून ती काय करणार?" मी घेतली. तू कोमोला मावशीकडे गेलीस. चाळीस मैल, बसने तासाभराची वाट. दर चिठ्ठीत लिहिलं, यायला जमलं नाही. तेही खोटंच. जमत होतं. तुझ्या हाताकडे बघायची हिंमत नव्हती.

आता शेवटचं. वेल्माचं ते गाणं नव्या मोठ्या रेकॉर्डवर आलंय. तिच्या कव्हरवर वाजवणाऱ्यांची नावं छापायचं ठरलं, पहिल्यांदाच. कॉयसाहेब कागद घेऊन आले.

"गिटार, लेम्युअल गॅटलिंग. बरोबर?"

"सुरुवातीचा तुकडा माझा नाही. माझ्या बहिणीचा आहे, ओझेला गॅटलिंग. तिचं नाव घाला."

"त्या दिवशी ती इथे होती?"

"नाही. पण तो तुकडा तिच्या हातचा आहे."

"लेम, डोकं ठिकाणावर आहे का? बाहेर बाकावर तीन गिटारवाले बसलेत."

"मग त्यांतल्या एकाला बोलवा," म्हणत मी गिटारची वायर काढली. तेवढ्यात टॉलिव्हरने बेस खाली ठेवला. ड्रमवाल्याने काठ्या ठेवल्या. कॉयसाहेबांनी पेन्सिल काढली. "स्पेलिंग सांग तिचं."

कव्हर सोबत पाठवतोय. माफी मागायला तोंड नाही. उपकार मात्र रोज सकाळी दहाला मानतो, गिटार मांडीवर घेतो तेव्हा.

तुझ्याशी खोटं बोलून मोठा झालेला,
लेम


कोमो, मिसिसिपी
१९ ऑक्टोबर १९६९

चि. लेम,

पत्र पोचलं. मावशीने मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा. दुसऱ्या खेपेला ती रडली. मी नाही, माझी चवळी चुलीवर होती.

आधी तुझ्या तापाचं. अरे येड्या, त्या सकाळी तुझे बूट दाराशी पॉलिश करून ठेवलेले होते. तापाने फणफणलेला माणूस बुटांना पॉलिश करतो? कपाळाला हात लावला तर ते माझ्या कपाळापेक्षा गार. मला ठाऊक होतं तू कुठे निघालास ते. तू जावंस म्हणूनच मी गेले. मला कोण बोलावणार होतं स्टुडिओत? बाईमाणूस, त्यात चर्चमधली. तुला बोलावणं आलं होतं. माझं लक्ष क्षणभर हललं आणि रूळ कुणासाठी थांबत नाहीत. त्यात तुझा हात नव्हता.

गाणं ऐकलंय मी. रोबर्टाच्या दुकानात केस धुऊन घेत होते, डोकं नळाखाली, आणि रेडिओवर तो तुकडा लागला. तशीच निथळत ताडकन उठले. रोबर्टा म्हणाली, "काय झालं हो, सिस्टर?" म्हटलं, "काही नाही. माझी बोटं वाजताहेत." तिला वाटलं, डोक्यात पाणी गेलं.

आणि तू आला असतास तर तुला दिसलं असतं ते सांगते. मी वाजवते. पाच वर्षं झाली. इथल्या चर्चच्या डीकन पेटवेंनी जुनी गिटार आणून दिली. ती मांडीवर आडवी ठेवायची, अंगठा आणि उरलेल्या बोटात लोखंडी नळीचा तुकडा धरायचा आणि तारांवरून सरकवायचा. पहिले सहा महिने मावशीने कानात कापूस घालून स्वयंपाक केला. आता शेजारच्या गावांतून लोक ऐकायला येतात. सूर पूर्वीसारखा नाही, जरा जास्त रडतो. मला हाच आवडायला लागलाय.

कव्हर आमच्या चर्चच्या एल्डर क्रेनशॉंना दाखवलं. आधी म्हणाले, "जगाच्या गाण्यावर आपल्या सिस्टरचं नाव?" मग चष्मा लावून जवळून पाहिलं. म्हणाले, "छान ठळक छापलंय." सध्या ते चर्चमधल्या पियानोवर उभं आहे, आणि ते मी ठेवलेलं नाही.

माझं नाव छापून आणायला तू तुझी खुर्ची सोडायला निघालास. तुला वाढवताना हेच मागितलं होतं देवाकडे. त्याचे आभार मानून झाले, आता तुझेही मानते.

बोटांचा राग माझ्या मनाला कधी शिवला नाही. तू सात वर्षं दाराशी आला नाहीस, त्याचा मात्र आहे, आणि तो पत्रात मावायचा नाही. समोर बसून ऐकून घे. येत्या रविवारी अकराला प्रार्थना आहे. गिटार घेऊन ये. मी वाजवीन, तू माझ्यामागे वाजव. आणि चुकलास तर सगळ्यांसमोर थांबवीन, सांगून ठेवते.

त्या शनिवारी सगळं ठाऊक असून, आपल्या पायांनी गेलेली,
तुझी ताई
ओझेला