चार वाजता रसेल

४ नोव्हेंबर, सोमवार

या वेळी नर्सिंग ब्युरोने मला खरंच चांगलं घर दिलंय. घाटकोपरहून मेट्रोत बसले, मरोळला उतरून गावठाणात शिरले, तर मुंबईत आहे असं वाटेना. अरुंद गल्ल्या, बसकी कौलारू घरं, वळणावर झेंडूचा हार घातलेला क्रूस. डोक्यावरून मात्र दर दोन मिनिटांनी विमान.

पेशंट लिओनार्ड अंकल, वय अठ्ठ्याहत्तर. छातीचं जुनं दुखणं, त्यात सप्टेंबरमध्ये न्यूमोनिया झाला, तेव्हापासून धरून बाथरूमला नेतात तेवढंच, एरवी पलंग सुटलेला नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी जोॲन वसईला शाळेत शिकवते, ती रविवारी येते. मुलगा रसेल प्रवाशांच्या मोठ्या बोटीवर असतो, तिथल्या थिएटरचा साउंड सांभाळतो. सध्या रजेवर आहे. मी पोचले तेव्हा तो शिडीवर चढून भिंतीला भोक पाडत होता आणि अंकल पलंगावरून त्याला ओरडत होते की भिंत माझ्या बापाची हाय, तुझ्या बोटीची नाय. मला बघून दोघंही हसायला लागले. असं हसतं घर बऱ्याच दिवसांनी मिळालं.

घर एका ओळीत आहे. ओटी, हॉल, अंकलची खोली, स्वयंपाकघर, मग मागचं दार. मागे परसात लोखंडी जाळी टाकलेली विहीर. माझी खाट स्वयंपाकघरात. वहीच्या पुढच्या पानांवर पेशंटची नोंद आणि मागून माझं लिहिणं, ही माझी जुनी सवय.

७ नोव्हेंबर, गुरुवार

अंकल तरुणपणी लग्नांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. तेव्हाच्या वीसेक कॅसेट घरात पडून होत्या. रसेलने त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवल्यात आणि घरभर ऐकू येतील अशी सोय केलीय. चार स्पीकर लावलेत : ओटी, हॉल, अंकलची खोली, स्वयंपाकघर. वायर फक्त विजेची, गाणं वाय-फायवरून येतं. जुन्या भिंती दोन हात जाड, त्यामुळे स्वयंपाकघरात गाणं अडकत होतं. तिथे त्याने आणखी एक छोटा राउटर बसवला.

मी विचारलं, फोनवर ब्लूटूथ असताना एवढा खटाटोप कशाला? तर तो खाली बसून नीट समजावत राहिला. म्हणाला, विमलाताई, ब्लूटूथने गाणं चेपून जातं, बारीकसारीक वाटेत गळतं. असं पाठवलं की अख्खं येतं. मग त्याने तोच तुकडा दोन्ही प्रकारे लावून दाखवला. पहिल्यांदा नुसतं ट्रम्पेट. दुसऱ्यांदा ट्रम्पेटच्या आधी कुणीतरी खोल श्वास घेतला, अगदी माझ्या कानाशी.

अंकल उठून बसले. म्हणाले, "हा माझा दम. त्या वेळचा." आता त्यांना चार वाक्यं बोलायला तीनदा थांबावं लागतं. ते बराच वेळ छातीवर हात ठेवून ऐकत राहिले.

१० नोव्हेंबर, रविवार

रसेल शुक्रवारी बोटीवर गेला. जाताना बाथरूमच्या वाटेवर रबराच्या पट्ट्या चिकटवून गेला, पप्पा घसरू नयेत म्हणून. मला एक टॅबलेट देऊन ठेवलाय, त्यावर चारही स्पीकरची नावं दिसतात. पण गाणं तो स्वतःच लावणार. रोज दुपारी चार वाजता, बोट कुठेही असो. वडिलांना म्हणाला, "चार वाजले की मी घरात आलो असं समजा."

आज बरोबर चारला अंकलच्या खोलीत बँड सुरू झाला. त्यांनी त्याआधी माझ्याकडून दाढी करून घेतली होती.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सगळं छान चाललंय. अंकल चार वाजेपर्यंत जेवण-औषधं मुकाट्याने घेतात. गाणं चालू असताना कोण नवरी, कोणाच्या मांडवात किती डुकरं कापली, सगळं सांगतात. ऑक्सिजन ९४. मी आईला फोनवर म्हटलं, असं घर मिळालं तर मी इथेच म्हातारी होईन.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

रसेल गेला.

जोॲन दुपारी अचानक आली आणि घरात न शिरता मला फाटकाबाहेर बोलावलं. बुधवारी शोची तयारी चालू असताना तो स्टेजच्या वरून, दिवे टांगतात त्या लोखंडी सांगाड्यावरून खाली पडला. छाती चेपली गेली. अर्धा तास जिवंत होता. परक्या देशातलं बंदर, कागदपत्रं, त्यामुळे त्याला इथे आणायला दहा-बारा दिवस लागतील. तोपर्यंत पप्पांना कळता कामा नये, असं तिने माझ्याकडून वदवून घेतलं. डॉक्टरही तेच म्हणाले. फादरना आणि शेजाऱ्यांना तिने सांगून ठेवलंय.

मी हो म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं. मी दहा वर्षांची होते तेव्हा बाबा गेले. तीन दिवस घरातले सगळे मला सांगत होते की ते गावाला गेलेत. मी त्या तीन दिवसांत खेळले, हसले. ते हसणं मला अजून आठवतं.

चार वाजत आले तेव्हा सुचलं, गाणं वाजलं नाही तर अंकलना संशय येईल. मी लावावं म्हणून टॅबलेट हातात घेतला. बोट लावायच्या आत गाणं सुरू झालं. जोॲन ओटीच्या पायरीवर बसली होती. तिने ओढणी तोंडात कोंबली.

त्याने आधीच वेळ लावून ठेवली असणार. आता आठवलं, काल गुरुवारीही वाजलं होतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

जोॲनने टॅबलेट उलटासुलटा तपासला. वेळ कुठेच लावलेली नाही. मग बोटीवरच्या ॲश्टनला फोन केला, रसेलचा खोलीतला जोडीदार. तो म्हणाला, रसेलचा फोन त्याच्या खिशातच फुटला. सामानाबरोबर सील करून ठेवलाय.

मी म्हटलं, बंद करून टाकूया हे. जोॲन म्हणाली, "नको गं. पप्पा लगेच ओळखतील. दहा दिवस निभाव." मग हळूच म्हणाली, मलाही ऐकायचंय.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आज गाणं अंकलच्या खोलीत वाजलंच नाही, स्वयंपाकघरात वाजलं. मी भांडी घासत होते. अंकल आतून म्हणाले, "रसेल आत गेला वाटते." आणि वॉकर मागितला. सप्टेंबरपासून आपणहून पलंग न सोडलेला माणूस, चौदा पावलं चालत आला आणि माझ्या खाटेवर बसून ऐकत राहिला. मी पुढच्या पानावर 'चालले' असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. आनंद व्हायला हवा होता.

पण मी ऐकलंय ते लिहिते. ट्रम्पेटच्या आधीचा तो तरुण, खोल श्वास आहे. त्याच्या पाठी दुसरा एक आहे. आखूड, घाईचा, मध्येच अडकणारा. माझं कामच श्वास मोजायचं. मिनिटाला अडतीस. बरगड्या मोडलेला माणूस असा श्वास घेतो, मी वॉर्डात ऐकलाय. पूर्वी तो या गाण्यात नव्हता.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पावणेचारला मी चारही स्पीकरचे प्लग काढले, दोन्ही राउटर बंद केले. जोॲनला नंतर सांगणार होते.

चारला वाजलं. चारही स्पीकर गप्प होते. आवाज मागच्या दाराच्या पलीकडून येत होता, परसातून. तिथे रसेलने काहीच लावलेलं नाही. दार उघडून पाहिलं. वाळत घातलेले कपडे आणि विहीर.

टॅबलेटवर चार नावांखाली पाचवी ओळ आलीय. नाव नाही, नुसती रिकामी ओळ, आणि आवाज शेवटपर्यंत चढवलेला.

वळले तर अंकल वॉकर न घेता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे होते.

३० नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं. मला राहवलं नाही. सकाळी चहा दिल्यावर त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, अंकल, रसेल नाही राहिला.

ते म्हणाले, "मना ठाव हाय, बाय."

गुरुवारपासूनच त्यांना माहीत होतं. जोॲन बातमी घेऊन आली त्याच्या आदल्या दिवसापासून. गाण्यात तो दम ऐकला तेव्हाच कळलं, म्हणाले. लहानपणी रसेलला दमा होता, रात्र रात्र त्याला खांद्यावर घेऊन ते या घरात फिरले होते. पोराचा दम बापाला कळत नाही का? ते बोलले नाहीत, कारण जोॲन रडली असती. म्हणजे आठ दिवस ती त्यांच्यासाठी हसत होती आणि ते तिच्यासाठी दाढी करत होते.

मग म्हणाले, त्याला त्रास होतोय. तो मना बोलावतो.

मी म्हटलं, अंकल, ज्याने तुमच्या पायाखाली रबर चिकटवलं तो तुम्हाला वॉकरशिवाय विहिरीकडे बोलावील का? हे रसेल नाही. दुसरंच काहीतरी आहे.

अंकल म्हणाले, "तो रसेल नसला, तर रसेलचा दम त्याच्याकडे कसा आला? कोणीतरी माझ्या पोराला धरून ठेवलाय. मग तर जायलाच पाहिजे ना?"

मी उठून मागच्या दाराची कडी लावली.

१ डिसेंबर, रविवार

जोॲन आली. अंकलनी तिला जवळ घेतलं, म्हणाले आता लपवू नको. दोघं एकमेकांना धरून रडली. मी मागच्या दाराशी उभी राहून रडले.

तिने चारही स्पीकर काढून, गोणीत बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवले. भिंतीला चार भोकं राहिलीत. चार वाजता आम्ही तिघं हॉलमध्ये बसलो. जोॲन प्रार्थना म्हणत होती.

तिने मध्येच प्रार्थना थांबवली. तिलाही ऐकू आलं. विहिरीतून.

रसेल बुधवारी येतोय. पेटी विमानाने.

२ डिसेंबर, सोमवार

जोॲनने फादरना आणलं. त्यांनी घरभर, परसात पाणी शिंपडलं. चार वाजता तेही ऐकत उभे होते. जाताना जोॲनचा हात तेवढा दाबला.

३ डिसेंबर, मंगळवार

आता ट्रम्पेट नाही. नुसता श्वास.

अंकलचा ऑक्सिजन ८८. श्वास अडतीस — दोनदा मोजला. त्यांचा आणि तो, बरोबर एका तालात. तो अडकला की यांचाही अडकतो. डॉक्टर म्हणाले ॲडमिट करा. अंकल म्हणतात उद्या पोर घरी येतो, मी कुठे जाऊ.

ब्युरोला फोन केला की दुसरी बाई पाठवा. मग पुन्हा केला, राहू दे म्हटलं. यांना एकटं —

४ डिसेंबर, बुधवार

जोॲन सकाळपासून विमानतळावर. कार्गोत. कागद अडकलेत म्हणाली. सहा वाजतील.

मागच्या दाराला कुलूप घातलंय. किल्ली माझ्या कमरेला.

साडेतीन. अंकलनी पांढरा शर्ट मागितला. घातला. रसेलसाठी, म्हणाले. मी नाही कसं म्हणू.

पावणेचार. आज विमानांचा आवाज नाही. एकही नाही गेलं.

चार. सुरू झालं. दाराला लागून. लाकडाच्या त्या बाजूला, माझ्या तोंडाच्या उंचीवर. जोॲनला फोन लावतेय. उचलत नाही. तिच्यासाठी लिहून ठेवते. जोॲन, मी दार उघडलेलं नाही. मी अंकलना धरून बसलेय.

बोललं. आत्ता. पहिल्यांदाच — श्वास तोडत, एकेक शब्द. रसेलचाच आवाज. मला हाक मारली, तो मारायचा तशीच. विमलाताई. पप्पांना पाठवू नका. काही झालं तरी — मग कुणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखं. मग पुन्हा नुसता श्वास, जोरात, आणि त्याच्यात हसल्यासारखं. ते हसणं रसेलचं नाही.

अंकलनी ऐकलं. सगळं. रडतायत, पण चेहरा कसा — निवांत झालाय. म्हणाले, "ऐकलास ना? येऊ नको सांगतो. म्हणजे माझा पोरच हाय. तोच हाय आत."

मी म्हटलं, तोच नको म्हणतोय अंकल, त्याचं ऐका.

म्हणाले, पोर बापाला असाच सांगतो.

उठले. माझ्या हातातून सुटले, वॉकर नाही, भिंतही धरली नाही. ताठ. दाराशी उभे आहेत. पलीकडे तो आता ओरडतोय, नको पप्पा, नको — आणि दार आतल्या बाजूला फुगतंय. पोट फुगावं तसं. श्वासाबरोबर.

अंकलनी हात पुढे केलाय. किल्लीसाठी. नुसते माझ्याकडे बघतायत. जोॲन, त्याला इतकं दुखतंय, तुला ऐकू आलं असतं तर तूही — मी